केटोबा कुणी बसवला? नव्या कॉलेजच्या परंपरा आणि दंतकथा लिहून काढायच्या असतील तर

आमच्या कॉलेजच्या मैदानाच्या कोपऱ्यात, सिव्हिलची मुलं सर्व्हेचं प्रॅक्टिकल करतात तिथे, शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा दगड आहे. त्याचं नाव केटोबा. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी त्याला हॉलतिकिटाची झेरॉक्स दाखवायची, पार्ले-जीचा पुडा फोडायचा आणि मागे न बघता निघायचं. मागे बघितलं की एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) केटी, म्हणजे विषय राहिलाच. फर्स्ट इयरला असताना एका सीनियर ताईने हे इतकं गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, की कॉलेजच्या आधीपासूनचं गावकऱ्यांचं देवस्थान असणार असं मी धरून चालले.

कॉलेज सुरू झालं २००९ला. मी आले २०१८ला. म्हणजे देव फार तर नऊ वर्षांचा.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी कॉलेजच्या अशा सगळ्या गोष्टी गोळा करून छप्पन्न पानांची पुस्तिका काढली. दीड वर्ष गेलं. त्यातलं निम्मं, आधी करायचं ते शेवटी केल्यामुळे वाया गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय. तुमचं कॉलेज दहा, पंधरा, फार तर चाळीस वर्षांचं असेल तर हे सरळ वापरता येईल. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली, तेव्हाच्या कॉलेजांच्या पहिल्या बॅचेस आता साठीला टेकल्यात. त्यांनी तर आजच सुरुवात करावी.

काय काय लागेल

एक मोबाइल, त्यातलं साधं रेकॉर्डर ॲप. हेडफोन. दोनशे पानी वही (लॅपटॉप नको, समोरचा माणूस आखडतो). प्राचार्यांच्या नावे परवानगीचा अर्ज आणि त्याची शिक्का मारलेली पोचपावती. बोलणाऱ्यांसाठी चार ओळींचं संमतिपत्र. कॉलेजची सगळी वार्षिक नियतकालिकं आणि जुनी माहितीपत्रकं. गॅदरिंगच्या निमंत्रणपत्रिका. विद्यापीठाची जुनी परीक्षा-वेळापत्रकं. आणि मेसवाल्या मामांशी बरे संबंध. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

१. आधी "पहिल्यापासून" या शब्दाचा हिशेब करा

हॉस्टेलची एक पिढी चार वर्षांची असते. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणाऱ्यांची तीनच. त्यामुळे "आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे" याचा अर्थ बहुतेक वेळा "मी आलो तेव्हा फायनल इयरवाले असं करत होते" एवढाच असतो.

तेव्हा एक मोठा कागद घ्या. आडव्या रेघेवर वर्षं, खाली प्रत्येक बॅचची पट्टी. कोण कुणाला भेटू शकलं असतं ते डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे २००९च्या बॅचमधलं कुणी आमच्या बॅचला हॉस्टेलवर भेटणं शक्यच नव्हतं, मधल्या दोन बॅचेसच्या हातांतून गोष्ट पुढे आली होती. गोष्ट कुठे बदलली असेल, ते त्या दोन हातांमध्येच शोधायचं असतं.

या कागदावर २०२०-२१च्या जागी लाल पेनाने उभी रेघ मारा. मार्च २०२०मध्ये हॉस्टेल रिकामी झाली आणि त्या वर्षी ॲडमिशन घेतलेल्या मुलांचं पहिलं वर्ष घरी, मोबाइलच्या स्क्रीनवर गेलं. सीनियरकडून ज्युनियरकडे जे मेसच्या रांगेत, गच्चीवर, सबमिशनच्या रात्री जातं, ते सगळं त्या वर्षी तुटलं. परत आल्यावर मुलांनी परंपरा पुन्हा सुरू केल्या खऱ्या, पण अर्ध्या व्हॉट्सॲपवर ऐकलेल्या आणि अर्ध्या मनाने जुळवलेल्या. त्या रेघेच्या अलीकडचं आणि पलीकडचं एकच समजू नका.

२. यादी करा, पण काय नको तेही ठरवा

पहिल्या आठवड्यात फक्त यादी. खरंखोटं बघायचं नाही. टोपणनावं (सरांची, खोल्यांची, झाडांची), घोषणा, शकुन-अपशकुन, गॅदरिंगचे रिवाज, "त्या एकाने" केलेले पराक्रम, भुताच्या जागा. आमची यादी ७३वर गेली.

मग गाळायला बसा. दोन गोष्टींत हात आखडता घ्या.

पहिली रॅगिंग. "इंट्रो", "सलामी" असल्या गोंडस नावांखाली जे चालतं ते परंपरा म्हणून छापू नका. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २००९चे नियम वेगळेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्यावर ती "गंमत" झाली त्याच्याशी एकदा बोला, मग छापावंसं वाटतं का बघा. गोळा करताना आजचं काही कानावर आलं तर ते वहीत लिहून गप्प बसू नका. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

दुसरी गोष्ट, भुताची खोली. जवळपास प्रत्येक हॉस्टेलात एक कुलूपबंद खोली आणि तिची एक गोष्ट असते. कधी ती निव्वळ गादी-पलंगांची अडगळ असते. कधी मात्र त्यामागे खरंच कुणाचं तरी पोर गेलेलं असतं. असं थोडं जरी कळलं, तरी ती गोष्ट तिथेच थांबवा. घरचे लोक अजून आहेत. आम्ही अशी एक गोष्ट यादीतून काढली आणि का काढली तेही पुस्तिकेत लिहिलं नाही.

३. माजी विद्यार्थ्यांच्या आधी कर्मचाऱ्यांकडे जा

आमची पहिली मोठी चूक इथे झाली. आम्ही माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर "आठवणी पाठवा" असा मेसेज टाकला आणि चार महिने वाट बघत बसलो. आलं काय? "गोल्डन डेज", हृदयाचे बदाम आणि गॅदरिंगचा एकच फोटो एकोणीस वेळा.

विद्यार्थी चार वर्षांत जातो. लॅब असिस्टंट, शिपाईकाका, मेसचे मामा, रेक्टर मॅडम, गेटवरचे वॉचमन पहिल्या दिवसापासून तिथेच आहेत. कॉलेजची खरी स्मरणशक्ती त्यांच्याकडे. त्यांना "मुलाखत द्याल का" असं विचारू नका, "साहेबांना विचारून सांगतो" म्हणतील आणि विषय संपेल. दुपारी तीन-साडेतीनला, जेवणं उरकल्यावर, चहा घेऊन जा. "मामा, पहिल्या वर्षी किती ताटं लागायची?" इथून सुरू करा. संख्येचा प्रश्न विचारला की माणूस आठवायला लागतो. "कसे होते ते दिवस?" विचारलं की भाषण येतं.

केटोबाचा उलगडा असाच झाला. सर्व्हेच्या लॅबमधल्या काकांना आम्ही दगडाबद्दल विचारलं तर ते हसतच सुटले. त्यांनी कपाटातून जुनं लेव्हल फील्डबुक, म्हणजे मोजमापं लिहायची वही, काढलं. तो दगड म्हणजे सिव्हिलच्या प्रॅक्टिकलसाठी पक्का केलेला बेंचमार्क. लेव्हलिंग शिकवताना एका ठरावीक जागेची उंची गृहीत धरतात आणि बाकीच्या जागा त्यावरून काढतात. सोपं पडावं म्हणून गृहीत धरतात १००.००० मीटर. काकांनीच लाल ऑइलपेंटने दगडाचा माथा रंगवून खाली "१००.०००" लिहिलं होतं.

लाल माथा आणि खाली शंभर. परीक्षेच्या तोंडावर इंजिनिअरिंगच्या पोरांना त्यात शंभरपैकी शंभर दिसले, तर त्यांचा काय दोष? विठोबा, खंडोबा, म्हसोबाच्या रांगेत केटोबा जाऊन बसला. पुढे कुणीतरी खरा शेंदूर आणला आणि आकडा त्याखाली गेला. आता सिव्हिलची मुलं लेव्हलिंगसाठी दुसरा दगड वापरतात, कारण याच्यावर स्टाफ (उंची मोजायची आकडे लिहिलेली पट्टी) ठेवायची कुणाची हिंमत होत नाही.

४. प्रश्न विचारायची पद्धत

दोघांनी जा. एक बोलतो, एक लिहितो. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, आणि सुरू झाल्यावर तारीख, जागा आणि "रेकॉर्ड करतोय, चालेल ना?" हे पुन्हा आवाजात घ्या. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर थांबा.

एकच प्रश्न लक्षात ठेवायचा असेल तर हा: "हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?" ऐकलं असेल तर कुणाकडून, कोणत्या वर्षी, कुठे बसून. उत्तर प्रत्येक गोष्टीपुढे वहीत "पा" किंवा "ऐ" असं लिहून ठेवा. आमच्या ७३ गोष्टींपैकी निव्वळ "ऐ" निघाल्या ४०च्या वर, आणि त्यांत कॉलेजमधल्या सगळ्यात प्रसिद्ध गोष्टी होत्या.

तपशील तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. "थाळी भारनियमनामुळे सुरू झाली ना?" असं विचारलंत (थाळी म्हणजे काय ते पुढच्या मुद्द्यात) की समोरचा "हो हो" म्हणणार. मी हे दोनदा केलं आणि दोन्ही मुलाखती बाद धराव्या लागल्या.

५. एका गोष्टीची सगळी रूपं लिहा: थाळीचं उदाहरण

आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री साडेदहाला दोन्ही हॉस्टेलवर मिनिटभर ताटं वाजवतात. ही थाळी. का वाजवतात, याची चार उत्तरं मिळाली.

पहिलं: पाणीदार डाळीविरुद्ध मेसवर झालेलं आंदोलन. दुसरं: उसात शिरलेली रानडुकरं हाकलायला गावकऱ्यांनी मुलांची मदत घेतली. तिसरं, २०२०-२१च्या बॅचेसचं ठाम मत: ही २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूची आठवण आहे. तेव्हा देशभर संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या होत्या, त्यामुळे बिचाऱ्यांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. पण मी स्वतः २०१८च्या हिवाळी परीक्षेला ताट वाजवून ताटाला पोचा पाडलाय, तेव्हा हे रूप तारखेवरच पडलं.

चौथं मामांचं. २००९ला ग्रामीण भागात भारनियमन जोरात होतं, संध्याकाळी गेलेली वीज रात्री कधी येईल नेम नसायचा. हॉस्टेलची बेल विजेवरची. परीक्षेच्या दिवसांत रात्री साडेदहाला चहा असायचा आणि बेल वाजायची नाही, म्हणून मामा दारात उभे राहून ताटावर पळी हाणायचे. अंधारात बसलेली पोरं खिडकीतून ताटं वाजवून "ऐकू आलं" म्हणून कळवायची.

मामांनी चहाच्या हिशेबाची वही दाखवली. नोव्हेंबर-डिसेंबर २००९, "रात्र चहा ६२", "रात्र चहा ५८". वहीवरून चहा होता एवढं सिद्ध होतं, ताट वाजलं हे नाही. पहिल्या बॅचच्या तिघांपैकी एकाने मामांना दुजोरा दिला, एकाला डाळीचं आंदोलनच आठवतंय, तिसरा म्हणाला दोन्ही झालं. आम्ही चारही रूपं छापली, प्रत्येकाखाली कोण सांगतं आणि कोणत्या बॅचचं, एवढं लिहून. कोणतं खरं वाटतं तेही लिहिलं, पण बाकीची पुसली नाहीत. जनता कर्फ्यूचं रूप चुकीचं असलं तरी लाल रेघेनंतर आलेल्या मुलांबद्दल ते बरंच सांगून जातं.

६. गोष्ट आपलीच आहे ना, बघा

चौघं मित्र परीक्षेच्या आदल्या रात्री बाहेरगावी जातात, पेपर चुकतो, सरांना सांगतात गाडीचं टायर पंक्चर झालं. सर चौघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकच प्रश्न देतात: कोणतं टायर? आमच्याकडे ही गोष्ट टेंभुर्णीजवळ घडते आणि सर थर्मोडायनॅमिक्सचे आहेत. अमेरिकेत ती ड्यूक विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या नावावर खपते. तुमच्याकडेही ती असेलच, फक्त गाव बदला.

कधी उलटही होतं. उशिरा वर्गात आलेल्या मुलाने फळ्यावरची दोन गणितं गृहपाठ समजून सोडवली आणि ती आजवर कुणालाच न सुटलेली निघाली, ही गोष्ट थाप वाटते. पण १९३९च्या सुमाराला बर्कलेत जॉर्ज डँट्झिगच्या बाबतीत हे खरंच घडलं, सर होते जर्झी नेमन. आमच्या कॉलेजात मात्र ते २०१२ला मेकॅनिकलच्या एका मुलाच्या बाबतीत घडलं म्हणे.

खोली नंबर, वर्ष, बॅच आणि एक जिवंत "पा" साक्षीदार, यांपैकी काहीच मिळत नसेल तर गोष्ट फिरस्ती धरा. फेकू नका, वेगळ्या प्रकरणात घाला. लोकांना तेच जास्त आवडतं.

घोषणांचंही तसंच. "अरे आव्वाज कुणाचा!" ही आपल्या कॉलेजची परंपरा आहे असं आमच्या नाटकवाल्यांनी शपथेवर सांगितलं होतं. १९६३पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या (कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या) वेळी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात एकदा जाऊन बसलं असतं तर शपथ वाचली असती. उसनं आणलेलं असेल तर कुणी आणलं आणि कोणत्या वर्षी, हे शोधा. ती खरी तुमची गोष्ट.

७. मुलींच्या हॉस्टेलकडे मुद्दाम जा

न गेलात तर पुस्तिका आपोआप मुलांच्या हॉस्टेलची होते. आमची पहिली यादी बघा, ७३मधल्या ६१ गोष्टी तिकडच्या. मुली काही करत नव्हत्या का? करत होत्या. पण त्यांच्या गोष्टी टपरीवर सांगितल्या जात नाहीत, त्यामुळे कॉलेजभर फिरत नाहीत.

आमच्याकडे मुलींना साडेसातला आत यावं लागायचं. त्यातून साडेसातची शर्यत जन्मली: शेवटच्या एसटीने उतरायचं आणि फाट्यापासून गेटपर्यंत पळायचं. कुणाचा विक्रम किती मिनिटांचा, पिशव्या कुणी धरायच्या, वॉचमनकाकांचं घड्याळ चार मिनिटं मागे कुणी केलं, हा सगळा इतिहास फक्त वरच्या मजल्यावर माहीत होता. रेक्टर मॅडमनी गेटचं जुनं रजिस्टर त्यांच्यासमोर बसून बघू दिलं. नावं उतरवायची नाहीत या अटीवर. उशिराच्या कारणांच्या रकान्यात पानोपानी "एसटी चुकली". एका ठिकाणी फक्त "पाऊस", आणि तारीख एप्रिलची.

८. फोटो आणि जुन्या पोस्ट

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून काढल्याची तारीख आणि बाकीची माहिती निघून जाते. मूळ फाइल ईमेलने, ड्राइव्हवर किंवा "डॉक्युमेंट" म्हणून मागवा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-विषय असं द्या, "फायनल", "फायनल२", "खरंच फायनल" असं नको.

२००९-१०च्या बॅचेसचं सगळं आयुष्य ऑर्कुटवर (फेसबुकसारख्या तेव्हाच्या साइटवर) होतं आणि ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. ते गेलंच. त्यांच्या जुन्या मेमरी कार्डांच्या मागे लागा, आईच्या कपाटात असतात. इमारतींचे फोटो जरूर मागा. नवं कॉलेज बहुधा उसन्या जागेत सुरू होतं. आयआयटी मुंबईची पहिली बॅचसुद्धा १९५८ला पवईत नाही, वरळीच्या सॅस्मिरा या कापड-संशोधन संस्थेच्या इमारतीत बसली होती. आयआयएम नागपूर २०१५ला तिथल्याच व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेच्या आवारात सुरू झालं. तुमच्याही पहिल्या वर्षी वर्ग कुणाच्या तरी शाळेत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भरले असतील, आणि टोपणनावांचा उगम तिथेच सापडेल. आमच्या वातानुकूलित सेमिनार हॉलला सगळे "गोठा" का म्हणतात, ते असल्याच एका फोटोने सांगितलं.

९. छापण्याआधी

ज्याचं बोलणं वापरलंय त्याला त्याचा मजकूर वाचून दाखवा. फोनवर चालेल. बदल सांगितला तर करा, वाद घालू नका. नावांऐवजी "२०११, मेकॅनिकल" एवढंच पुरतं. सरांची टोपणनावं छापताना सर अजून नोकरीत आहेत आणि तुमचं टर्मवर्क बाकी आहे, हे दोन्ही लक्षात असू द्या.

प्राचार्यांना कच्चा मसुदा दाखवा, पण "दंतकथा" हा शब्द अर्जात वापरू नका. आमचा पहिला अर्ज त्यावरच अडकला. "महाविद्यालयाच्या विद्यार्थी-जीवनाचा मौखिक इतिहास" असं लिहिलं तेव्हा दोन दिवसांत सही झाली.

१०. कुठे ठेवायचं

एक प्रत ग्रंथालयात, दाखल क्रमांक घालून. क्रमांक पडला की रद्दीत टाकायला ठराव लागतो, हे ग्रंथपालांनीच सांगितलं. रेकॉर्डिंग दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, त्यातली एक कॉलेजच्या बाहेर कुणाच्या तरी घरी. मराठी विकिपीडियावर टाकायचा मोह आवरा. तिथे आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेला आधार लागतो, मामांचं ताट त्यात बसत नाही.

ग्रंथालयाच्या प्रतीला मागे वीस कोरी पानं शिवून घ्या आणि वर लिहा, "चुकलं असेल तर इथे लिहा. वर्ष आणि बॅच घाला." पुढच्या वेळी गेले तेव्हा थाळीच्या प्रकरणाबद्दल तिथे लिहिलेलं होतं: "मामांना नीट आठवत नाही. पळी नव्हती, कुलूप होतं. २००९, खोली १४." मामांना दाखवलं. ते म्हणाले, खोली १४मध्ये कोण होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, चहाचे पैसे बाकी आहेत त्याचे.

कोऱ्या पानांशेजारी पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा. पेन ठेवलं तर दुसऱ्या दिवशी नसतं.